चौदा पेट्यांचे आबा

सातारा ते तासगाव हा प्रवास वर्णन करण्याजोगा आहे, असं आजवर कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एसटीत बसलं, एकदा चहा घेतला, एकदा डुलकी काढली की माणूस पोचतो. मला दोन दिवस लागले. आणि त्या दोन दिवसांत माझे शहात्तर वर्षांचे वडील दर मुक्कामाला माझ्याआधी एसटीने पोचून, वाट बघून कंटाळून, दुसरा चहा मागवताना सापडले. आता घरी येऊन आठवडा झाला, अंगाचं दुखणं उतरलं, म्हणून लिहायला बसले आहे. जे अजून गेले नसतील त्यांनी जरूर जावं, पण आमच्या जीपने जाऊ नये.

आधी ती जीप. आबा लष्करातून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांनी घरं बांधली, विहिरी काढल्या. आबांनी लष्कराच्या लिलावातून जुनी जीप आणली. लष्करात आबा लंगरात होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. डाळ-रोटी करणाऱ्या माणसाला जीप कशाला हवी, हा प्रश्न आई तेव्हापासून विचारते आहे आणि उत्तर मिळालेलं नाही. आई जीपला जीप म्हणत नाही, 'ती' म्हणते. "ती उठली का आज?" "तिला आंगूळ घातली न्हवं, आता सोता करा."

मी मंदा, त्यांची एकुलती एक मुलगी. साताऱ्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. आबांनी मला गाडी शिकवली ती ह्याच जीपवर. त्यामुळे माझे दंड मजबूत आहेत आणि स्वभाव तापट आहे.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या कमरेचा मणका सरकला. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि "जीप बंद" एवढंच म्हणाले. तेव्हापासून आबा रोज सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या जीपमध्ये जाऊन बसायचे. पेपर वाचायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर बंद गाडीचे गिअर बदलत होते. उतरताना पाय जमिनीला टेकला की तोंडातून "आई गं!" निघायचं, आणि स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "झालं आजचं."

मग पुण्याकडचा एक हॉटेलवाला आला. त्याला जीप हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. इंजिन काढून तिथे फुलझाडांच्या कुंड्या मांडणार, मागे बाक टाकणार, लोक फोटो काढतील. तो हे मोठ्या हौसेने सांगत होता आणि आबा त्याच्याकडे बघत होते. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तासगावात एक मिस्त्री हाय. द्राक्षाच्या गाड्या मऊ करतो. तिच्या चाकांवरच्या कमानी मऊ करून घिऊ, म्हंजी माज्या मणक्याला कळायचं बी न्हाई."

आई बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "आवं, रविवारी त्यो माणूस गाडी न्ह्यायला येणार हाय. त्या दिवशी तुमी तिच्यात बसून दारात या. उतरताना आई गं म्हणला न्हाई, तर ऱ्हाऊ द्या तिला. म्हणला, तर कुंड्या."

असा करार झाला. मी तीन दिवसांची रजा टाकली. मला वाटलं, मी जीप घेऊन जाईन आणि आबा घरी थांबतील. पण आबा पिशवी भरून तयार.

"डॉक्टर जीप बंद म्हणला," आबा म्हणाले. "एसटीचं नाव त्येनं घेतलं न्हाई. आन् मला तिकीट बी लागत न्हाई."

कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर, परिपत्रकात नसलेल्या गोष्टीला हरकत कशी घ्यायची हे मला सुचलं नाही.

गुरुवार : सातारा ते उंब्रज

जीपची वायरिंग आबांनी स्वतःच्या हाताने केलेली होती. डावा इंडिकेटर दिला की वायपर हलायचा. उजवा दिला की मागचा दिवा लागायचा. हॉर्न दाबल्यावर काहीच व्हायचं नाही, पण गाडी खड्ड्यातून गेली की हॉर्न आपसूक वाजायचा. आबांच्या मते ही सोयच होती. "म्होरं खड्डा हाय, हे मागच्याला कळतं," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

मी हमरस्त्याला लागले. नागठाण्यापर्यंत सगळं ठीक होतं, म्हणजे फक्त माझी कंबर दुखत होती. अतीतच्या पुढे एक दणका बसला, हॉर्न वाजला, आणि ह्या वेळी थांबायलाच तयार नाही. पुढचे ट्रक रस्ता सोडायला लागले. एक मोटारसायकलवाला बाजूला थांबून हात जोडता झाला, त्याला बहुतेक कुणी मंत्री येतोय असं वाटलं. मी हातवारे करून सांगत होते की अहो, तसं काही नाही, तर लोकांनीही हात हलवले. एवढ्यात उजव्या बाजूने एसटी पुढे गेली. खिडकीत आबा. त्यांनी मला कडक सॅल्यूट ठोकला आणि गेले.

उंब्रज हे मोठं गाव. मी खालच्या रस्त्याला उतरले तेव्हा दुकानदार बाहेर येऊन उभे होते. एका टपरीसमोर ठरल्याप्रमाणे आबा बाकावर बसलेले, हातात कप. "दुसरा चहा हाय," ते ओरडून म्हणाले. "किती येळ लावतीस?"

टपरीच्या शेजारच्या गाळ्यातून तिशीची एक बाई धावत आली. केसांत स्क्रूड्रायव्हर खोचलेला. तिने बॉनेट उघडलं, आत हात घातला, काहीतरी ओढलं, आणि एकदम अशी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू आला. ही सविता. आयटीआय करून तिने हमरस्त्याला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं आहे. सगळं गाव तिला 'वायरमनताई' म्हणतं आणि त्यात कुणालाच काही चुकीचं वाटत नाही.

सविता बॉनेटमध्ये वाकून बराच वेळ बघत राहिली. "कुणी केलंय हे?"

"मी," आबा म्हणाले. अभिमानाने.

"आवं आबा, समदी वायर हिरवीच?"

"मिळाली तशी लावली."

"मग हॉर्नची कुठली, लाईटची कुठली, कळतं कसं?"

"गाठी बघ की. एक गाठ हॉर्न. दोन गाठी लाईट. तीन गाठी ब्रेक."

"आन् ही चार गाठींची?"

आबा विचारात पडले. "ती इसरलो."

सविताने सगळं उपसायचं ठरवलं. दुपारपर्यंत दुकानासमोर हिरव्या वायरींचा ढीग पडला. मी बाजूच्या खानावळीत पिठलं-भाकरी खाऊन आले. साताऱ्यात आम्ही पाहुण्याला वाढताना "अजून घ्या" म्हणतो. उंब्रजच्या त्या मावशी काही म्हणत नाहीत, सरळ वाढतात. नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात मिरची येते.

परत आले तर सविता नव्या रंगीत वायरींची गुंडाळी सोडत होती आणि आबा मदतीला बसले होते. "आबा, ती लाल द्या जरा." आबांनी हिरवी दिली. "लाल वो." आबांनी ती ठेवली, दोन वायरींवरून हात फिरवला आणि चॉकलेटी दिली. सविता हसली नाही. तिने आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आबा, सिग्नलला कसं करत हुता वो?"

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं. त्यात काय अवघड हाय?"

मी तिथे भाकरीचा ढेकर गिळून उभी. माझं वय पन्नाशीला आलं आणि माझ्या बापाला लाल-हिरवं कळत नाही हे मला उंब्रजच्या रस्त्यावर कळलं.

आबा वायरीकडे बघत बोलले. "भरतीला ड्रायव्हर व्हायला गेल्तो. गाडी चालवून दाखवली. सायेब म्हणला, शाबास. मग ठिपक्यांचं पुस्तक फुडं केलं, म्हणला आकडा वाच. मला नुसतं ठिपकं. मी म्हणलं, सायेब, ह्यात आकडा न्हाई. त्यो म्हणला, इसको लंगर में भेजो." आबांनी चॉकलेटी वायर खाली ठेवली. "मग काय. ड्रायव्हर लोक जेवाय यायचं. मी वाढायचो आन् त्येंच्या हातातल्या किल्ल्या बघायचो."

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"तिला म्हणलं, मला सैपाकाची आवड हाय."

मला खूप वाईट वाटलं. त्याच वेळी हसूही आलं, कारण ह्या आवड असलेल्या माणसाने घरी कधी साधा चहा केलेला नाही. मी तोंड फिरवून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले. लिलावातल्या जीपचा प्रश्न आईने इतकी वर्षं विचारला, त्याचं उत्तर हे होतं.

सविताने संध्याकाळपर्यंत काम पुरं केलं. लाल, निळ्या, पिवळ्या, सगळ्या वायरी नेटक्या बांधल्या. मग शेवटी प्रत्येक वायरीच्या टोकाला तिने गाठी मारल्या.

"एक हॉर्न, दोन लाईट, तीन ब्रेक," ती आबांचं बोट धरून दाखवत म्हणाली. "आन् चार इंडिकेटर. आता इसरायचं न्हाई."

आबा तिला ताठ उभं राहून सॅल्यूट करायला गेले आणि "आई गं" म्हणाले. आम्ही दोघींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

शुक्रवार : कराड ते तासगाव

मुक्काम कराडला केला. सकाळी आबा एसटीत, मी जीपमध्ये. हॉर्न दाबला की हॉर्न वाजतो, हा अनुभव मला नवीन होता. कराड सुटेपर्यंत मी तो विनाकारण बराच घेतला.

ह्या दिवसांत त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर स्पीकर, आणि मागच्याने पुढे जायचं नाव काढायचं नाही. मी एका ट्रॉलीमागे इतका वेळ होते की तिच्यावरची सगळी गाणी मला पाठ झाली. मध्येच ऊस गळून रस्त्यावर पडायचा, जीप त्याच्यावरून जायची, आणि माझं डोकं वरच्या ताडपत्रीला लागायचं. लष्कराने ही गाडी बांधताना आत माणूस बसेल ही शक्यता धरली नसावी.

वाटेत एका ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. साताऱ्यात मसूर म्हणजे आजाऱ्याचं जेवण. इकडे मसुराला तर्री आणतात, वर कांदा-लिंबू, आणि भाकरीऐवजी पंजाभर रोटी. मालकाने विचारलं, "गाडी तुमी चालिवता?" मी हो म्हणाले. तो जीपकडे बघून म्हणाला, "मग अजून एक रोटी घ्या."

पलूस मागे पडलं तशी उसाची उंच भिंत संपली आणि द्राक्षांचे मांडव सुरू झाले. उसात दिसत नाही, मांडवाखालून मात्र पार पलीकडपर्यंत नजर जाते. बागांच्या कडेला बेदाण्याच्या शेड, आत ताटींवर हिरवे मणी वाळत घातलेले. हवेला गोड, थोडा आंबट वास. तासगावात पाणी मागितलं तर आधी द्राक्षं देतात, मग पाणी देतात, आणि निघताना पुन्हा द्राक्षं. आमच्याकडे पेढ्याचं असं आहे, पण पेढा दोन खाल्ल्यावर माणूस थांबतो.

मिस्त्रीच्या शेडमध्ये आबा बसले होते. पुढ्यात द्राक्षांचं ताट, अर्धं संपलेलं.

दादू मिस्त्री म्हणजे साठीचा बारीक माणूस, पांढरी दाढी, बोलताना हातात कायम पाना. त्याने मला "या अक्का" म्हटलं. आमच्या साताऱ्यात मी ताई असते, तासगावला पोचले की अक्का होते. कर्नाटक जवळ आल्याची ही खूण.

मिस्त्री जीपखाली शिरला आणि थोड्या वेळाने डोकं बाहेर काढून म्हणाला, "अक्का, ह्या कमानी तोफ वडायच्या हायत. माणूस बसायच्या न्हाईत. आधी हाय तशी चालवून बघू." आणि त्याने द्राक्षांची एक पेटी आणून सीटवर ठेवली.

ही त्याची रीत. मऊ, कडक, ठीक, असले शब्द तो मानत नाही. पिकलेल्या घडांची पेटी सीटवर ठेवायची, कालव्याकडेच्या रस्त्याने तीन ठरलेल्या खड्ड्यांतून गाडी न्यायची आणि परत आल्यावर घडातून किती मणी सुटून पडले ते मोजायचे. द्राक्ष बाजारात नेणाऱ्याला सुटा मणी चालत नाही, तो बेदाण्याला जातो. म्हणून तासगावात गाडी चांगली की वाईट हे मण्यांवर ठरतं.

मी कालव्यावरून फेरी मारून आले. मिस्त्रीने पेटी उघडली आणि मोजायला लागला. एक्केचाळीस.

आबांचा चेहरा उतरला. मिस्त्री त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "आबा, मणी आन् मणका एकच. नाजूक देठ, वर वजन, खालनं दणका. पाचाच्या आत मणी पडलं, तर गाडी द्राक्षाला चालती."

"आन् माज्या मणक्याला?"

"तुमास्नी तीन धरू."

शनिवार : तासगाव

कमान म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे. मिस्त्रीने ते सुटे केले, तेव्हा आत गंजाचा चुरा भरलेला होता. काही पाटे काढायचे, काहींच्या जागी पातळ टाकायचे, सांध्यांना नवे रबरी बुश आणि चारी चाकांना नवे शॉकॲब्सॉर्बर. पण किती पाटे काढायचे हे बसणाऱ्याच्या वजनावर. मिस्त्रीने आबांना शेजारच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर उभं केलं. छप्पन्न किलो.

"चार किलोची पेटी," मिस्त्री हिशेब करत म्हणाला. "आबा म्हंजी चौदा पेट्या."

मग माझ्या शेजारच्या सीटवर, आबा बसणार तिथे, चौदा पेट्या चढल्या, सात-सातच्या दोन उतरंडी, दोरीने बांधलेल्या. आत बेदाण्याला जाणारा दुय्यम माल. मणी मोजायची खरी पेटी मागे वेगळी. आबा त्या पेट्यांकडे असे बघत होते की जणू त्यांच्या ताटावर दुसराच कुणी जेवायला बसला आहे. शेवटी त्यांनी आपली टोपी काढून सगळ्यांत वरच्या पेटीवर घातली. "टोपी तरी जाऊ दे माजी," ते म्हणाले.

पहिल्या खेपेला मिस्त्रीने मागचे जरा जास्तच पाटे काढले. गाडी इतकी मऊ झाली की पाळण्यात बसल्यासारखी झुलायला लागली. पहिला खड्डा कळला नाही. दुसरा कळला नाही. मला मळमळायला लागलं ते मात्र कळलं. कालव्याच्या वळणावर मी चाक फिरवलं आणि जीप एका अंगावर अशी कलली, की दोरी सुटून चौदा पेट्यांचे आबा टोपीसकट बाहेर गेले. द्राक्षं रस्त्यावर, कालव्यात आणि थोडी माझ्या ब्लाऊजमध्ये.

बागेत काम करणारी एक म्हातारी कोयता टाकून धावत आली. तिने लांबून फक्त टोपी बघितली होती. "आगं अक्का," ती छाती बडवत ओरडली, "म्हातारं सांडलं की गं तुजं!"

तिला पटवायला वेळ लागला. पेट्या बघितल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. मग तिने पदरात द्राक्षं गोळा करून दिली, आणि टोपी कालव्यातून काठीने काढली.

आबांना हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी ओली टोपी पिळून गुडघ्यावर पसरली. मग म्हणाले, "मंदे, मी आसतो तर सांडलो नसतो. मी दांडा धरला आसता."

मिस्त्रीने एक पाटा परत घातला. मणी पडले नऊ. शॉकॲब्सॉर्बरची जागा बदलली. सहा. दुपारी मिस्त्रीच्या घरी हुलग्याचं माडगं प्यायलो. मिस्त्रीची बायको वाटी भरता भरता नवऱ्याला म्हणाली, "पाटा उलटा घालून बघा की." तो तिच्यावर खेकसला, मग हात न धुताच उठला आणि पुढचा एक पाटा फिरवून घातला. ऊन कलताना मी शेवटची फेरी मारून आले. मिस्त्रीने पेटी उघडली, घड एक-एक करून उचलले. तळाला दोन मणी होते.

मिस्त्रीने ते दोन्ही आबांच्या तळहातावर ठेवले. आबांनी एक खाल्ला आणि एक मिस्त्रीला दिला. उद्या ह्या म्हाताऱ्याला "आई गं" म्हणू देऊ नको, असं मी मनात कुणाला म्हणाले ते मला सांगता येणार नाही.

रविवार : परत

निघताना मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एसटीने गेलेच आहेत तर आता जीपने काय वेगळं होणार, कमरेला पट्टा बांधा आणि सावकाश आणा. मिस्त्रीने आबांच्या मांडीवर घडांची पेटी ठेवली. "घरी जाऊन मोजा," तो म्हणाला. "दोनाच्या वर गेलं तर मला फोन करा."

दोन वर्षांनी आबा जीपमध्ये बसले होते आणि जीप चालत होती. मला वाटलं, भावुक होतील. ते पलूसपर्यंत माझ्या गिअर बदलण्यातल्या चुका काढत होते. उंब्रजला सविता दुकानाबाहेर उभी होती. आबांनी मला एका गाठीचा हॉर्न तीनदा वाजवायला लावला आणि तिला चार गाठींचा इंडिकेटर दोन्ही बाजूंना दाखवला. तिने जाता जाता बॉनेटवर थाप मारली.

नागठाण्यानंतर आबा गप्प झाले. मी तिरक्या डोळ्याने बघितलं. एक हात कमरेला, दुसरा पेटीत.

"दुखतंय का?"

"न्हाई."

आमच्या दारात हॉटेलवाल्याचा टेम्पो उभा होता. तो स्वतः आणि आई पायरीवर बसलेले. आईच्या अंगावर इस्त्रीची साडी. मी इंजिन बंद केलं. आबांनी पेटी माझ्याकडे दिली, दांडा धरला, डावा पाय खाली सोडला. टेकला. उजवा सोडला. टेकला. मग ते हळूहळू ताठ झाले आणि उभे राहिले.

तोंडातून आवाज नाही.

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पण आई उठून जवळ आली आणि आबांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांचे दोन्ही गाल टम्म फुगलेले होते.

"बोला की काय तरी," आई म्हणाली.

आबांनी मान हलवली.

"तोंड उघडा."

आबांनी आभाळाकडे बघितलं आणि चावायला सुरुवात केली. मी, आई आणि हॉटेलवाला तो घास संपायची वाट बघत उभे राहिलो. बराच मोठा घास होता. गळ्यातून शेवटचं खाली उतरलं, तेव्हा आबा म्हणाले, "बी हुतं."

"तासगावच्या बिनबियांच्या द्राक्षात?" आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पाटे, बुश, गाठी, सगळं त्या कुंड्यांखाली जाणार. हॉटेलवाल्याने खिशातून टेम्पोची किल्ली काढलीसुद्धा. पण आईने पदर खोचला आणि जीपच्या पायरीवर पाय ठेवला.

"सरका. बघू तरी काय मऊ केलंय ते."

जीप घरी आल्यापासून आई तिच्यात बसायची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी तिचं डोकं आपटलं होतं. मी गल्लीतून वळसा मारला, गटाराच्या फरशीवरून गाडी मुद्दाम घातली, शाळेमागच्या खडीवरून आणली. आई दांडा घट्ट धरून बसली होती. दुसऱ्या वळणावर तिने दांडा सोडला. तिसऱ्या वळणावर पेटीतला एक मणी तोंडात टाकला. मला राहवलं नाही. मी तिला ठिपक्यांच्या पुस्तकाचं सगळं सांगून टाकलं. तिने चावणं थांबवलं. मग म्हणाली, "मला हिरवी साडी म्हणून दर दिवाळीला लालच आणत्यात. मला वाटायचं, दुकानदार फसवतो."

दारात आलो. आबा होते तिथेच, ताठ. आईने चेहरा होता तसाच ठेवला, दांडा धरला आणि ऐटीत पाय खाली टेकवला. तिचा गुडघा कित्येक दिवसांपासून दुखतो, हे तिला स्वतःलाही त्या क्षणी आठवलं नसावं.

"आई गं!" आई म्हणाली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेम्पोकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "कुंड्या."

आई आधी रागाने बघत राहिली, मग हसायला लागली, आणि इतकी हसली की तिला आबांच्या खांद्याला धरावं लागलं, आणि आबांना जीपला. हॉटेलवाला बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. नेमकं कुणाला न्यायचं आहे, हेच त्याला कळेना.

तो जेवून गेला, रिकामा टेम्पो घेऊन. जाताना आईने त्याला द्राक्षांची पेटी दिली. तिच्यात मणी किती उरले होते आणि रिकामे देठ किती, ते आमच्यापैकी कुणी मोजलं नाही.